दोनदाच

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर आपली गाडी सोडावी लागते. तिथून लेण्यांपर्यंतचे चारेक किलोमीटर बसने जायचं. मेच्या उन्हात त्या बसची वाट बघत उभं राहिलं की स्फटिकवाले गाठतातच. हातात बटाट्याएवढा मळकट दगड, तो उघडून दाखवला की आत जांभळं झुंबर. ‘घेऊ नका, नुसतं बघा तर’ असं म्हणतात आणि आपण बघतो. मग घेतोही.

मी मात्र दरवेळी अजिंठ्याला जातो ते पहिल्या लेण्यातल्या एका बासरीवाल्या बाईसाठी. डाव्या भिंतीवर महाजनक जातकाची कथा चितारली आहे. राजाला विरक्ती येऊ लागलीय आणि राणीने त्याचं मन वळवायला नाच मांडलाय. मधोमध ती नर्तकी, आणि तिच्या भोवती बासरी, टाळ, मृदंग घेतलेल्या बायका. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं काम. फुंकर घालताना ओठांची होते ती ठेवण दिसते, टाळांवर रोखलेली बोटं दिसतात. बाई फुंकतेय, हे पंधराशे वर्षांनंतरही कळतं. काय फुंकतेय, ते मात्र कळत नाही. रंग टिकला, ओठ टिकले, सूर मात्र त्याच दुपारी हवेत विरला. आणि या बायकांना नावं नाहीत. त्यांना हे कुणी शिकवलं? आईने? त्या शिकवणाऱ्या बाईला कुणी?

भिंतीवरचं गाणं मुकं राहतं. मग एका बाईच्या गळ्यातलं गाणं दुसरीच्या गळ्यात जसंच्या तसं उतरतं तरी कसं? त्याला ना भिंत असते, ना कागद. हा प्रश्न डोक्यात घेऊन मी दरवेळी लेण्याच्या पायऱ्या उतरतो, आणि दरवेळी मनात एकच नाव येतं. ते अजिंठ्याचं नाही, गोव्याचं आहे.

दक्षिण गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी नावाचं गाव होतं. होतं म्हणायचं, कारण १९८६ मध्ये साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गेलं. सुमारे तीन हजार माणसं उठून दुसरीकडे वसली. तिथलं महादेवाचं जुनं देऊळ दगड दगड सुटा करून उचललं आणि धरणाजवळ पुन्हा उभं केलं. बाकीचं गाव आहे तिथेच आहे, फक्त वर पाणी आहे. मे महिन्यात पाणी आटलं की ते साधारण महिनाभरासाठी वर येतं. तडकलेली जमीन, झाडांचे पांढरे बुंधे, घरांचे चौथरे. जुने गावकरी येतात, आपला चौथरा शोधतात, सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. मग पाऊस लागतो आणि गाव पुन्हा अकरा महिने बुडतं.

त्या गावात १५ जुलै १९०४ रोजी मोगू जन्मली. कोंकणीत मोग म्हणजे माया. आडनावाच्या जागी पुढे गावाचं नाव लागलं, कुर्डीकर. गोव्याच्या कलावंत घरांतल्या बायकांची ही रीतच: केरीची ती केरकर, माल्प्याची ती मालपेकर. वडिलांचं नाव पुसणाऱ्या जगाला गावाचं नाव सांगायचं. गाव बुडालं, आडनाव राहिलं.

मोगूबाईंच्या जन्माच्या दोनच वर्षं आधी, १९०२ मध्ये, कोलकात्याला गौहरजान पहिल्यांदा ग्रामोफोनच्या कर्ण्यात गायल्या होत्या. मोगूबाई गेल्या १० फेब्रुवारी २००१ ला, तेव्हा दुकानांत सीडी होत्या. शहाण्णव वर्षं. आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाचं जवळजवळ सगळं आयुष्य त्यांच्या एका आयुष्यात मावतं. आणि तरी त्यांना जे मिळालं ते कुठल्याही यंत्रातून मिळालं नाही, आणि त्यांनी जे दिलं तेही नाही.

आई जयश्रीबाई स्वतः गायच्या. १९१३ मध्ये नऊ वर्षांच्या मोगूला घेऊन त्या जांबावलीच्या देवळात गेल्या आणि तिथे आलेल्या एका फिरत्या साधूकडून तिला भजनं शिकवायची सोय केली. मग चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी नावाच्या नाटक कंपनीत तिला घातलं. पुढच्याच वर्षी जयश्रीबाई वारल्या. तू मोठी गाणारी झालीस तरच माझा जीव शांत होईल, असं काहीसं मुलीला सांगून त्या गेल्या, असं म्हणतात. दहा वर्षांच्या पोरीच्या पदरात टाकायला हे फार जड ओझं आहे, आणि मला ते कधी निव्वळ हळवं वाटलेलं नाही. आईची ती इच्छा होती आणि कर्जही.

त्या कंपनीचं दिवाळं निघालं. मोगू सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेली. तो काळ मजेशीर होता: पुरुषांच्या कंपन्यांत बालगंधर्व शालू नेसून उभे राहत होते आणि बायकांच्या कंपन्यांत बायकाच सगळी सोंगं वठवत होत्या. तिथे चिंतुबुवा गुरवांकडे गाण्याची तालीम झाली, कथकही शिकून झालं. मग कंपनीत बिनसलं, ती गोव्याला परतली, तब्येत ढासळली. १९१९ मध्ये मावशीने तिला औषधपाण्यासाठी सांगलीला आणलं.

इथून पुढची गोष्ट इतकी नाटकी आहे की कुणी कादंबरीत लिहिली असती तर मी नाक मुरडलं असतं. सांगलीत त्याच सुमाराला एक म्हातारे खाँसाहेबही वैद्यांच्या उपचारासाठी येऊन राहिले होते. जाता-येता एका घरातून मुलीचा रियाज कानावर पडायचा. एके दिवशी ते सरळ आत आले, बसले, गायला सांगितलं, आणि शिकवायला लागले. हे कोण, हे पोरीला सुरुवातीला ठाऊक नव्हतं म्हणतात. ते अल्लादिया खाँ होते. कोल्हापूर दरबारचे गायक, जयपूर-अत्रौली घराण्याचे जनक.

सुमारे दीड वर्ष तालीम चालली. मग खाँसाहेब मुंबईला गेले आणि मोगूबाईही त्यांच्या मागोमाग गेल्या. पण मुंबईत दार बंद. खाँसाहेबांनी शिकवणीचे शब्द दुसऱ्यांना दिलेले होते, त्यांत या मुलीला जागा नव्हती. मग आग्रा घराण्याचे बशीर खाँ, मग विलायत हुसेन खाँ. १९२६ पासून अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदर खाँ शिकवायला लागले, तर १९३१ मध्ये त्यांनाही मुंबई सोडावी लागली. अखेर १९३४ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांनी स्वतः मोगूबाईंना गंडा बांधला. मनगटाला दोरा, तोंडात हरभरे आणि गूळ. हरभरे कडक, गूळ गोड, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय ते आधीच चाखायला देतात.

१९१९ ते १९३४. पंधरा वर्षं त्या एका गाण्याच्या दाराशी उभ्या होत्या. दार उघडलं तेव्हा खाँसाहेब ऐंशीच्या घरात होते आणि मोगूबाईंच्या घरात दोन वर्षांची मुलगी होती. १० एप्रिल १९३२ ला जन्मलेली. तिचं नाव किशोरी.

पंधरा वर्षं थांबावं असं त्या गाण्यात होतं तरी काय? जाणकार यावर तासन्‌तास बोलतात. मी मला कळतं तेवढं सांगतो, आपल्याच मराठवाड्यातल्या वस्तू घेऊन.

एक तर जोडराग. या घराण्यात दोन राग एकत्र गायची मोठी हौस. बसंती केदार म्हणजे बसंत आणि केदार. आता अर्धा बसंत आणि अर्धा केदार असं शिवलं तर ते ठिगळ झालं. पैठणला गेलात तर विणकराला धूपछाँव दाखवा म्हणावं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. पदर या बाजूने धरला तर एक रंग झळकतो, जरा कलला की दुसरा, आणि दोन्हींची हद्द कुठे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. जोडराग असा विणावा लागतो. किंवा संपूर्ण मालकंस घ्या. मालकंस पाच स्वरांचा: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. रिषभ-पंचम त्यात वर्ज्य, ते लागले की मालकंस मोडला, असं आपण पहिल्या धड्यात शिकतो. आणि संपूर्ण मालकंसात तेच दोन स्वर येतात, आणि राग मालकंसच राहतो. ज्या पाहुण्यांना घरात मज्जाव, त्यांना पंगतीत बसवायचं आणि घराची शिस्त बिघडू द्यायची नाही.

दुसरं म्हणजे तान. सरळ जिन्यासारखी चढणारी तान या गाण्यात फार भेटत नाही. फर्दापूरकडून अजिंठ्याचा घाट चढून बघा: गाडी वळणावर येते, वाटतं की आपण मागे चाललो, आणि वळण संपताना कळतं की आपण एक मजला वर आलोय. जयपूरची तान अशी चढते. वळून मागे गेल्यासारखी, आणि दरवेळी थोडी वर.

तिसरं, आणि मला सगळ्यात थक्क करणारं, म्हणजे श्वास. तीनतालाच्या सोळा मात्रा संथ लयीत चाललेल्या असतात. दोन मात्रांमधल्या जागेलाही लयीचं भान असतं, आलापसुद्धा लयीवर चालतो, आणि आकारात धरलेलं वाक्य लांबत लांबत समेपर्यंत जातं. श्वास कुठे घेतला ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. मोगूबाईंची लयीवरची हुकमत तर गाणारे लोक आजही वेगळ्या आवाजात सांगतात.

आणि हे सगळं एका मोडक्या आवाजातून आलंय. तरुणपणी आमलेट्याच्या दरबारात दिवसचे दिवस गाऊन अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज बसला तो बसलाच. पहिला आवाज परत आला नाही. जो उरला त्याला काय झेपेल हे बघत त्यांनी गायकी नव्याने रचली. ती मग निकोप, धारदार आवाजाच्या बायकांनी उचलली. केसरबाई केरकर त्यातल्याच. त्यांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर चढून सूर्यमालेच्या बाहेर गेली. केरी आणि कुर्डी, छोट्याशा गोव्यातली दोन छोटी गावं. एकीचा आवाज अंतराळात, दुसरीचं गाव पाण्यात.

मोगूबाईंचं लग्न माधवदास भाटिया यांच्याशी झालं होतं. किशोरी, ललिता, उल्हास अशी तीन मुलं. किशोरी जेमतेम सहा-सात वर्षांची असताना माधवदास वारले. मुंबईत तीन लहान मुलं आणि बाईच्या हातात एकच कसब. मोगूबाई गाण्याचे कार्यक्रम करू लागल्या, शिकवण्या करू लागल्या, आणि स्वतःही शिकत राहिल्या. हे तीनही एकाच वेळी. अल्लादिया खाँसाहेब १९४६ च्या मार्चमध्ये गेले, तोवर चाळिशी ओलांडलेल्या मोगूबाई शिष्याच होत्या.

कार्यक्रमाला जाताना तंबोरा धरायला मुलगी बरोबर असायची. तिने जे पाहिलं ते तिने पुढे मुलाखतींतून सांगितलंय: तिसऱ्या वर्गाचा रेल्वेचा डबा, हॉटेलऐवजी कुणाच्या तरी घरी कोपऱ्यात उतरायचं, बिदागी तुटपुंजी, आणि बाई गाणारी म्हटल्यावर बोलण्यातला तो विशिष्ट सूर. किशोरीताई आमोणकर पुढे मैफलीतल्या शिस्तीबद्दल किती कडक होत्या, कुजबुज झाली तरी गाणं थांबवत, याच्या गोष्टी लोक चवीने सांगतात. ‘फार तऱ्हेवाईक हो’ म्हणतात. त्या डब्यात बसलेली तंबोरा धरणारी पोर डोळ्यांसमोर आणली की मला तो तऱ्हेवाईकपणा वाटत नाही. आईला जो मान मिळाला नाही तो ती वसूल करत होती.

घरातली तालीम मात्र याहून कडक होती. माई म्हणजे मोगूबाई स्थायी गाऊन दाखवत. एकदा. मग आणखी एकदा. बस. अंतराही तसाच. तिसऱ्यांदा नाही. त्या दोन वेळांत जे कानात पडलं ते तुझं. किशोरीताईंनी हे अनेकदा सांगितलंय, आणि त्यात तक्रार नसायची.

या ‘दोनदाच’चा मी पुष्कळ विचार केला आहे. पहिल्यांदा ऐकताना आपण शब्दांच्या मागे धावतो. दुसऱ्यांदा शब्द ओळखीचे झालेले असतात, म्हणून चाल दिसते. तिसऱ्यांदा मिळणार हे ठाऊक असलं की मन दोन्ही वेळा आळशीपणा करतं, पुढच्या वेळेवर टाकतं. तिसरी वेळ काढून घेतली की पहिलीच वेळ लख्ख होते. सगळं अंग कान होतं: शब्द, चाल, वजन, मात्रेच्या कुठल्या कडेला अक्षर पडलं, स्वराला कुठून हात लावला, श्वास कुठे चोरला, सगळं एकदम आत घ्यायचं. कागदावर लिहिता येतो तो स्वर, म्हणजे गंधार. पण एखाद्या रागातला गंधार मध्यमाकडून जरा झुकून येतो, तो झुकाव कुठे लिहिणार? अजिंठ्याच्या चिताऱ्याने ओठ काढले, फुंकर त्याला काढता आली नाही. ती फुंकर समोरच्या गळ्यातूनच घ्यावी लागते, आणि घेणाऱ्याची भूक मोठी असावी लागते. मोगूबाई ती भूक राखून वाढायच्या. पोट भरेल इतकं त्या वाढतच नसत.

आणि हे करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या वाट्याला काय आलं होतं? दीड वर्षाची तालीम, मग बंद दार. मिळेल तेव्हा मिळेल तेवढं घ्यायचं, पुन्हा मिळेलच असं नाही. त्या मुलीला आपलंच बालपण शिकवत होत्या, असं मला वाटतं.

पण कोंडूनही ठेवलं नाही त्यांनी. किशोरीताईंना त्यांनी अंजनीबाई मालपेकरांकडेही पाठवलं, म्हणजे भेंडीबाजार घराण्याकडे. जयपूरच्या कडव्या लोकांना हे रुचण्यासारखं नव्हतं. मात्र सिनेमाचा विषय निघाला तेव्हा माई अडल्या. १९६४ च्या ‘गीत गाया पत्थरों ने’मध्ये किशोरीताई गायल्या, तेव्हा पुन्हा सिनेमात गायलीस तर माझ्या दोन तंबोऱ्यांना हात लावायचा नाही, असं आईने बजावल्याची आठवण त्यांनीच सांगितली आहे. धमकी बघा कशाची होती. घराबाहेर काढण्याची नाही, बोलणं टाकण्याची नाही. तंबोऱ्यांची.

मुलीने पुढे गाणं बदललं. लयीच्या घट्ट विणीतून तिने स्वर सैल सोडला, आलाप लांबवला, रागाच्या भावाचा माग काढत गेली. घराण्यातल्या जुन्या कानांना ते खटकलं, नव्या कानांनी डोक्यावर घेतलं. मध्ये ऐन पंचविशीत तिचाही आवाज गेला होता, दोनेक वर्षं. खाँसाहेबांची ती जुनी गोष्ट घराण्यात दुसऱ्यांदा घडली म्हणायची. आवाज परतला तेव्हा गाणं वेगळं झालं होतं. जिने दोनदाच ऐकून अचूक उचलायला शिकवलं, तिची मुलगी हुबेहूब गाणारी व्हायला हवी होती, नाही का? उलटंच झालं. मला याचा उलगडा इतकाच होतो की नक्कल करायला शंभर वेळा ऐकावं लागतं. दोनदा ऐकून जे हाती लागतं त्यातल्या फटी स्वतःलाच भराव्या लागतात, आणि भरता भरता गाणं आपलं होतं.

मोगूबाईंकडे शिकायला पुष्कळ जण आले. कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, पद्मा तळवलकर, आणि नंतर आग्र्याचे म्हणून गाजलेले बबनराव हळदणकर, ज्यांनी त्यांच्याकडे बारा वर्षं काढली. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, १९७४ मध्ये पद्मभूषण. किशोरीताईंना १९८७ मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि आईच्या मृत्यूनंतर वर्षभरात, २००२ मध्ये, पद्मविभूषण. आई-मुलगी दोघींना पद्मभूषण, ही घरातली गोष्ट किती घरांत असेल!

गळ्यातून गळ्यात जाणं मात्र थांबलं नाही. किशोरीताईंच्या शिष्या माणिक भिडे. त्यांनी आपल्या लेकीला, अश्विनी भिडे-देशपांडेंना शिकवलं. पुन्हा आई आणि मुलगी. किशोरीताई ३ एप्रिल २०१७ ला गेल्या. त्यांची नात तेजश्री आमोणकर आज गाते. जयश्रीबाईंनी जांबावलीच्या देवळात नेलेल्या त्या पोरीपासून मोजलं तर शंभरावर वर्षं झाली. जयश्रीबाईंचा आवाज कुठल्याही तबकडीवर नाही. पण मोगूच्या पहिल्या तालमीत तो असणारच, आणि तालमी पुसल्या जात नाहीत. अश्विनीताईंच्या एखाद्या हरकतीत कुर्डीच्या त्या बाईचं काही उरलं असेल का? कुणालाच सांगता यायचं नाही. पण नाकारताही येत नाही.

या वेळी पहिल्या लेण्यातून बाहेर आलो ते दुपारी. परतीच्या बसने टी-पॉइंटवर सोडलं. पुढची एसटी यायला अवकाश होता. कडुनिंबाखाली बसलो, कानात फोनची बोंडकं घातली आणि मोगूबाईंचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं, घरघरत्या आवाजाचं, मागे तंबोरे. ठरवलं होतं, स्थायी दोनदाच ऐकायची आणि म्हणून बघायची. पहिल्यांदा शब्द अर्धे लागले. दुसऱ्यांदा चाल हाती आल्यासारखी वाटली. डोळे मिटून पुटपुटायला लागलो, समेच्या चार मात्रा अलीकडे दम संपला. स्फटिकवाला पोऱ्या बघून हसला.

मग नियम मोडला. तिसऱ्यांदा लावलं, फक्त एवढंच बघायला की त्या श्वास कुठे घेतात. नाही सापडलं. चौथ्यांदा लावलं. एसटी अजून आली नव्हती.